फ्लॅटमधील छोट्या बाथरूमचे नूतनीकरण: एका ठोक-कंत्राटी सेवेचा खर्चाच्या अंगाने आढावा

पाडकामापासून नळ बसवण्यापर्यंत संपूर्ण बाथरूम एकाच करारात नव्याने करून देणाऱ्या सेवा आता बऱ्याच निघाल्या आहेत. अशाच एका सेवेकडून आमच्या फ्लॅटमधील ५ फूट बाय ८ फुटांच्या बाथरूमचे काम करून घेतले आणि ते रोजच्या वापरात आल्यावर, खर्चाचा सगळा हिशेब समोर ठेवून हा आढावा लिहीत आहे. या सेवेचे काम चांगले आहे, कारागीर जाणते आहेत. कोटेशन मात्र ग्राहकाला जे दिसते त्याभोवती रचलेले आहे आणि खर्च ज्या ठिकाणी खरोखर ठरतो ती ठिकाणे त्यात एका ओळीत उरकलेली आहेत. रकमेचे आकडे मी देत नाही, कारण मालाचे आणि मजुरीचे दर जागेनुसार आणि वर्षानुसार बदलतात. खर्च कोठून निर्माण होतो हे मात्र कोणत्याही इमारतीत जवळजवळ सारखेच असते, आणि वाचकाच्या उपयोगी पडेल ते तेच.

जागा लहान म्हणजे खर्चही लहान, ही समजूत घेऊन बहुतेक लोक कोटेशन मागवतात आणि आकडा पाहून दचकतात. थोडा हिशेब मांडला तर कारण कळते. आमची फरशी ४० चौरस फुटांची आहे. चारही भिंतींची एकत्र लांबी २६ फूट. त्यांवर ७ फूट उंचीपर्यंत टाइल लावायची आणि दाराची जागा वजा करायची, तर भिंतींचे क्षेत्र सुमारे १६५ चौरस फूट भरते, म्हणजे फरशीच्या चौपटीहून जास्त. हेच बाथरूम ८ बाय १० फुटांचे, म्हणजे बरोबर दुप्पट असते, तर भिंतींचे क्षेत्र २३५ चौरस फुटांच्या आसपास गेले असते. फरशी दुप्पट होऊनही भिंती दीडपट होत नाहीत. कमोड, वॉश बेसिन, शॉवर, गिझर, दार आणि एक्झॉस्ट फॅन यांची संख्या तर दोन्हीकडे तीच राहते. त्यामुळे दर चौरस फुटाचा भाव काढला, तर छोटे बाथरूम मोठ्यापेक्षा महागच पडते, आणि त्या भावावरून दोन सेवांची तुलना करणे व्यर्थ आहे.

मजुरीचेही असेच आहे. ४० चौरस फुटांत कमोडची जागा धरून एका वेळी एक गवंडी आणि एक मदतनीस एवढेच नीट काम करू शकतात. गवंडी भिंतीवर असताना प्लंबरला आत येता येत नाही, वॉटरप्रूफिंगचा लेप वाळत असताना कोणालाच पाय ठेवता येत नाही. पाडणे, भिंतींत खाचा पाडणे, नळ टाकणे, त्यांची चाचणी, गिलावा, वॉटरप्रूफिंग, पाणी साठवून तपासणी, टाइल, ग्राउट (टाइलमधल्या फटी भरण्याचा मसाला), फिटिंग हा क्रम जागा कितीही लहान असली तरी बदलत नाही, आणि प्रत्येक कारागिराची स्वतंत्र फेरी हिशेबात धरावीच लागते. ही गोष्ट या सेवेच्या प्रतिनिधीने पहिल्याच भेटीत स्वतःहून समजावून सांगितली. सवलतीचे आमिष दाखवण्याऐवजी त्याने कामाचा क्रम सांगितला, याचे मला फार बरे वाटले.

कोटेशन मात्र तसे नव्हते. त्यात तीन पातळ्यांच्या तीन ठोक रकमा होत्या, आणि पातळ्यांमधला फरक सगळा टाइलची जात, नळांची बनावट, काचेचे पार्टिशन आणि बेसिनखालचे कपाट एवढ्यापुरता होता. पाडकाम, नळकाम आणि वॉटरप्रूफिंग यांना तिन्ही पातळ्यांत मिळून एकच ओळ होती. आम्ही त्या ओळीची फोड मागितली, तेव्हा ती त्यांनी कुरकुर न करता दिली. पण मागितल्याशिवाय दिली नाही, हेही नोंदवले पाहिजे. फोड हातात आल्यावर दिसले, की डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंचा वाटा एकूण रकमेच्या निम्म्याहूनही कमी होता. बाकीचा पैसा पाडण्यात, वाहून नेण्यात, भिंतींच्या आत आणि फरशीच्या खाली जाणार होता. ज्या कोटेशनमध्ये हा दुसरा भाग सविस्तर लिहिलेला नाही, ते स्वस्त दिसले तरी त्यावर सही करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पुढची सगळी ‘जादा कामे’ त्याच भागातून निघतात.

त्याच कोटेशनमधली आणखी एक गोष्ट सावधपणे वाचण्यासारखी होती. टाइलसाठी दर चौरस फुटामागे ठरावीक रक्कम धरलेली होती. त्याहून महाग टाइल निवडली तर फरक ग्राहकाने भरायचा. ही पद्धत गैर नाही. पण धरलेली रक्कम इतकी कमी होती, की तिच्या आत बसणारी टाइल सेवेच्या स्वतःच्या नमुन्यांत जवळजवळ नव्हतीच. शिवाय माल मोजताना कापणीतली तूट धरावी लागते. टाइल सरळ लावली तर साधारण १० टक्के आणि तिरपी लावली तर १५ टक्के माल जास्त घ्यावा लागतो. आमच्या सुमारे २०५ चौरस फुटांसाठी म्हणूनच जवळपास २२५ चौरस फुटांची खरेदी झाली. ही तूट कोटेशनमध्ये नव्हती, बिलात आली.

फ्लॅटमधल्या कामाला स्वतंत्र घरापेक्षा वेगळा खर्च लागतो, आणि या बाबतीत सेवेचा अनुभव ठळकपणे जाणवला. इमारतीच्या व्यवस्थापन समितीची परवानगी, अनामत रक्कम, आवाजाच्या कामाच्या ठरलेल्या वेळा, लिफ्टमधून माल नेण्याचे नियम या सर्वांची त्यांनी आधीच चौकशी केली होती. ज्या इमारतीत दिवसातून मोजकेच तास तोडफोड करता येते, तिथे पाडकामाची मजुरी वाढते, कारण मजूर उरलेला वेळ दुसरीकडे कामाला जाऊ शकत नाही. राडारोड्याचा प्रश्नही लोकांना वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. जुन्या टाइल, त्यांच्यामागचा मसाला आणि फरशीखालचा दोन इंचांचा थर एवढेच धरले, तरी ४० चौरस फुटांच्या बाथरूममधून एक टनाहून अधिक माल निघतो. पंचवीस-तीस किलोच्या पोत्यांत भरला तर चाळीसच्या आसपास पोती होतात, आणि ती खाली नेऊन अधिकृत ठिकाणी टाकण्याचा खर्च कोणीतरी देतच असतो. आमच्या करारात तो समाविष्ट होता. ज्यांच्या करारात नसेल त्यांनी तो आधी विचारून घ्यावा.

समाईक पाइपांचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. फ्लॅटच्या आतला नळ आपला असतो, पण शाफ्टमधून (समाईक पाइपांच्या उभ्या पोकळीतून) खाली जाणारी मलवाहिनी आणि वर जाणारी पाण्याची वाहिनी इमारतीची असते. जुन्या इमारतींत अनेकदा प्रत्येक फ्लॅटला स्वतंत्र व्हॉल्व्ह नसतो. मग नळ बदलायचा तर वरखालच्या सर्व घरांचे पाणी बंद करावे लागते आणि त्यासाठी आगाऊ सूचना द्यावी लागते. आमच्या कामात पाडकामानंतर लक्षात आले, की शाफ्टच्या तोंडाशी असलेला सांधा झिजलेला आहे. तो इमारतीने दुरुस्त करायचा की आम्ही, हे ठरेपर्यंत काम थांबले, आणि थांबलेल्या दिवसांची मजुरी आमच्या बिलात लागली. करारात अशा थांब्याबद्दल एक शब्दही नव्हता. पाहणीच्या वेळी शाफ्टचे झाकण उघडून पाहिले असते तर हा सांधा तेव्हाच दिसला असता, आणि सेवेने तेवढे करायला हवे होते. अंदाजपत्रकाच्या १० ते २० टक्के रक्कम अशा गोष्टींसाठी बाजूला ठेवावी हा सल्ला सगळीकडे दिला जातो. फ्लॅट जुना असेल तर त्यातला वरचा आकडा धरावा.

आता वॉटरप्रूफिंगकडे येतो, कारण या सेवेचे खरे मोल माझ्या दृष्टीने तिथेच ठरले. टाइल आणि सिमेंटचे ग्राउट पाणी अडवतात असे अनेकांना वाटते, पण तसे नसते. सांध्यांतून पाणी हळूहळू खाली मुरत राहते. ते स्लॅबपर्यंत पोचू न देणे हे टाइलखालच्या लेपाचे काम. हा लेप बहुधा सिमेंट आणि पॉलिमर यांच्या मिश्रणाचा किंवा पॉलियुरेथेनचा असतो. तो लावण्यापूर्वी पृष्ठभाग झाडून-धुऊन स्वच्छ करावा लागतो, भेगा भराव्या लागतात, आणि फरशी व भिंत जिथे मिळतात तो काटकोनी कोपरा मसाल्याने गोलसर करावा लागतो, कारण काटकोनात लेप चिरतो. मग पहिला हात एका दिशेने, तो वाळल्यावर दुसरा हात त्याच्या आडव्या दिशेने. लेप फरशीवर थांबत नाही. भिंतींवर निदान एक फूट आणि शॉवरखालच्या भिंतींवर सुमारे सहा फुटांपर्यंत चढवावा लागतो. नहाणी ट्रॅपच्या (फरशीतले पाणी जिथून निघून जाते त्या तोंडाच्या) आणि पाइपांच्या भोवतालची जागा सर्वांत नाजूक असते, आणि गळती झाली की बहुतेक वेळा तिथूनच झालेली निघते. आमच्याकडे आलेल्या कारागिराने या जागांवर लेपात जाळीची पट्टी दाबून बसवली, आणि ते काम त्याने कोणीही न सांगता, घाई न करता केले. त्याबद्दल मी त्याला मनापासून दाद देईन.

तक्रार आहे ती तपासणीबद्दल. लेप वाळल्यावर ट्रॅपचे तोंड बंद करून फरशीवर पाणी साठवायचे आणि निदान २४ तास, शक्य असल्यास ४८ तास तसेच ठेवून खालच्या घराचे छत पाहायचे, ही साधी परीक्षा आहे. दोन इंच पाणी साठवायचे म्हणजे आमच्या फरशीवर सुमारे १९० लिटर. खर्च जवळजवळ शून्य. तरीही पर्यवेक्षकाने एका रात्रीत ती उरकावी असा आग्रह धरला, कारण गवंडी दुसऱ्या दिवशी ठरलेला होता. आम्ही पूर्ण दोन दिवस पाणी ठेवायला लावले. खालच्या शेजाऱ्यांना आधी कल्पना दिलेली असल्याने त्यांचे छत दोनदा पाहता आले, आणि ते कोरडे होते. ही परीक्षा टाइल लागल्यानंतर घेण्याला फारसा अर्थ उरत नाही, कारण तेव्हा दोष सापडला तरी टाइल फोडाव्याच लागतात. लेपाचा माल टाइलच्या किमतीपुढे लहान असतो, पण तो चुकला तर त्यावरचे सगळे काम पुन्हा करावे लागते, आणि फ्लॅटमध्ये खालच्या घराचे रंगकामही आपल्या अंगावर येते. म्हणून करारात तपासणीचे तास लिहून घ्यावेत आणि त्या तासांचे पर्यवेक्षण कोण करणार तेही लिहून घ्यावे.

जुन्या टाइलवरच नव्या टाइल चिकटवण्याचा पर्याय या सेवेने दिला होता, आणि पाडकाम वाचत असल्यामुळे तो बराच स्वस्त होता. तो नाकारण्याची कारणे तीन. खालचा लेप जुनाच राहतो, जुने नळ भिंतीतच राहतात, आणि फरशीची पातळी सुमारे अर्धा इंच वर येऊन दाराच्या उंबऱ्याजवळ पाणी बाहेर येण्याचा धोका वाढतो. जिथे नळ आणि वॉटरप्रूफिंग अलीकडचे आहे आणि केवळ रूप बदलायचे आहे, तिथे हा पर्याय विचारात घेता येईल. पंचवीस-तीस वर्षे जुन्या बाथरूममध्ये तो बचतीचा मार्ग नाही.

टाइलच्या निवडीत सेवेच्या डिझायनरने मोठ्या, २ बाय ४ फुटांच्या टाइल सुचवल्या. भिंतीवर त्या शोभतात, सांधे कमी येतात आणि सफाई सोपी होते. फरशीवर मात्र मोठी टाइल अडचणीची ठरते. पाणी वाहून जाण्यासाठी शंभराला एक एवढा ढाळ धरला, तर ८ फुटांच्या लांबीत जवळपास एक इंच उतार द्यावा लागतो, आणि ट्रॅप कोपऱ्यात असेल तर तो उतार दोन दिशांनी येतो. मोठी टाइल वळत नाही. ती तिरपी कापून बसवावी लागते किंवा भिंतीलगत लांब जाळीचा ड्रेन घ्यावा लागतो, आणि दोन्ही उपायांना जादा मजुरी लागते. आम्ही फरशीसाठी एक फुटाच्या, खरखरीत पृष्ठभागाच्या टाइल घेतल्या. घसरण्याचा धोका ओळखण्यासाठी आर ९ ते आर १३ अशी जर्मन मानकातली श्रेणी पुष्कळ उत्पादक छापतात. ओल्या फरशीसाठी आर १० किंवा त्याहून वरची घेणे शहाणपणाचे. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक पाणी शोषू शकते आणि व्हिट्रिफाइड (भाजून काचेसारखी घट्ट केलेली) टाइल अर्धा टक्का किंवा त्याहून कमी शोषते. यामुळेच व्हिट्रिफाइड टाइल साध्या सिमेंटच्या घोळाने नीट चिकटत नाही आणि तिला पॉलिमरयुक्त अॅडहेसिव्ह लागते. कोटेशनमध्ये टाइल व्हिट्रिफाइड आणि बसवणी सिमेंटवर असे लिहिलेले आम्हाला आढळले. विचारल्यावर दुरुस्ती झाली, अर्थात दर वाढवून.

ग्राउटमध्ये फरशीसाठी इपॉक्सी (रेझिनचे) आणि भिंतींसाठी सिमेंटचे असा मध्यम मार्ग निवडला. इपॉक्सी महाग असते, लवकर घट्ट होत असल्याने लावणाऱ्याचा हात तयार हवा, पण ते पाणी जवळजवळ शोषत नाही आणि डागही कमी धरते. फरशी-भिंतीच्या सांध्यात आणि उभ्या कोपऱ्यांत कडक ग्राउट न भरता बुरशीरोधक सिलिकॉन भरले, ही या सेवेची चांगली सवय.

नळकामात पैसा वाचवण्याचा सर्वांत मोठा निर्णय म्हणजे कमोड जागचा न हलवणे. कमोडची मलवाहिनी साधारण चार इंचांची असते, तिला सलग उतार लागतो, आणि तो मिळवण्यासाठी फरशी उचलावी लागते किंवा स्लॅबखाली, म्हणजे शेजाऱ्याच्या छताजवळ, काम करावे लागते. बेसिन आणि शॉवर थोडे सरकवणे तुलनेने सोपे असते. भिंतीला टांगलेला कमोड हवा असेल तर आतल्या टाकीच्या चौकटीसाठी जागा सोडावी लागते आणि छोट्या बाथरूममध्ये ते काही इंच मोलाचे असतात. डिझायनरचा आग्रह असूनही आम्ही जमिनीवरचाच कमोड घेतला. मात्र तो घेताना मलवाहिनीच्या मध्यापासून भिंतीचे अंतर मोजूनच घ्यावा, कारण वेगवेगळ्या मॉडेलना वेगवेगळे अंतर लागते आणि चुकीचा कमोड भिंतीला टेकत नाही किंवा बसतच नाही.

गंजलेले लोखंडी नळ काढून सीपीव्हीसीचे (एका प्रकारच्या प्लास्टिकचे) घातले, जे गरम पाण्यालाही चालतात. भिंती बुजवण्यापूर्वी नळांत कामाच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन चाचणी झाली आणि प्रत्येक भिंतीची छायाचित्रे मोजपट्टीसह आम्हाला मिळाली. ही छायाचित्रे या सेवेची सर्वांत उपयुक्त भेट आहे. पुढे कधी खिळा ठोकायचा झाला तर नळ कुठून गेला आहे हे शोधावे लागणार नाही. डायव्हर्टरचा (पाणी शॉवरकडे की नळाकडे वळवणाऱ्या व्हॉल्व्हचा) भिंतीतला भाग मात्र आधी खरेदी करावा लागतो आणि बाहेरचा भाग त्याच उत्पादकाचा, त्याच मालिकेतला घ्यावा लागतो, हे आम्हाला आधी कोणी सांगितले नाही. त्यामुळे नळांची निवड पाडकामाआधीच पक्की करावी, नाहीतर नंतर महागड्या मालिकेत अडकायला होते.

विजेचे काम थोडे पण नेटके झाले: गिझरला स्वतंत्र सर्किट, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच), आणि शॉवरपासून योग्य अंतरावर स्विच. एक्झॉस्ट फॅन आधीपेक्षा मोठ्या क्षमतेचा बसवला. ओल साचू दिली तर चांगले ग्राउटही काळे पडते, म्हणून या वस्तूत काटकसर करू नये.

काटकसर करायचीच असेल तर ती नंतर बदलता येणाऱ्या वस्तूंत करावी. आरसा, कपाट, टॉवेलची दांडी, शॉवरचे तोंड, दिवा, इतकेच काय बेसिनचा नळही पुढे टाइल न फोडता बदलता येतो. सेवेच्या महाग पातळीतला बराचसा फरक नेमका याच वस्तूंचा होता, म्हणून आम्ही सर्वांत खालची पातळी घेऊन फक्त फरशीची टाइल, ग्राउट आणि भिंतीतला डायव्हर्टर वरच्या दर्जाचे घेतले. अशी मिसळ करू देण्याची तयारी या सेवेने दाखवली, आणि ज्यांना हिशेब स्वतः पाहायचा आहे त्यांना मी तिची शिफारस करीन. ज्यांना रक्कम ठरवून निर्धास्त राहायचे आहे, त्यांना मात्र जादा कामांची बिले त्रास देतील. आमचे अंतिम बिल मूळ रकमेपेक्षा सुमारे सहाव्या हिश्श्याने वाढले, आणि त्यातला निम्मा भाग नीट पाहणी केली असती तर आधीच सांगता आला असता.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे होते, पण मूळ करारात शेवटचा हप्ता टाइल लागताच देय होता. तो आम्ही फिटिंग आणि पाण्याची अखेरची तपासणी होईपर्यंत पुढे ढकलून घेतला आणि तो एकूण रकमेच्या एक दशांशाहून कमी असू नये असे ठरवले. हमीपत्राचेही वाचन आवश्यक ठरले. वॉटरप्रूफिंगची हमी लांब मुदतीची होती, पण तिच्या मजकुराप्रमाणे गळती झाल्यास केवळ लेपाचा माल पुरवला जाणार होता, टाइल फोडणे आणि पुन्हा बसवणे ग्राहकाच्या खर्चाने. चर्चेनंतर त्यांनी लेखी बदल केला: दोष कामाचा ठरल्यास पाडकाम, लेप आणि बसवणी यांची मजुरी त्यांची, टाइलचा माल आमचा. त्यासाठी प्रत्येक प्रकारच्या काही टाइल आम्ही जास्तीच्या घेऊन ठेवल्या आहेत, कारण एकाच मॉडेलच्या दोन बॅचमध्ये छटा थोडी वेगळी येऊ शकते. खरेदीच्या वेळी सर्व खोक्यांवरचा बॅच आणि छटेचा क्रमांक एकच आहे ना, हे तपासून घ्यावे, आणि तो क्रमांक बिलावर लिहून घ्यावा.